बॉनेट स्कूप

बॉनेट स्कूप म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनावरील झाकणाला (बॉनेटला) ठेवलेले, पृष्ठभागापेक्षा उंच उठलेले हवेचे तोंड. या तोंडातून बाहेरची हवा इंजिनाच्या कप्प्यात, इंटरकूलरवर किंवा थेट इंजिनाच्या हवाप्रवेश मार्गात जाते. काही गाड्यांवर स्कूप कारखान्यातूनच बसवलेला असतो. इतर गाड्यांवर, विशेषतः जुन्या एसयूव्ही व जीपवर्गीय वाहनांवर, तो नंतर गॅरेजमध्ये बसवला जातो. त्यासोबत एअर फिल्टर, हवापेटी आणि हवानळी यांतही बदल केले जातात. या सर्व बदलांना एकत्रितपणे हवाप्रवेश बदल म्हणता येईल.

स्कूप उपयोगी आहे की केवळ शोभेचा, हे त्याच्या आकारावरून कळत नाही. आत आलेली हवा पुढे कुठे जाते, यावरून ते ठरते. महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यासारख्या उष्ण, धुळीच्या आणि अधूनमधून पुराला तोंड देणाऱ्या प्रदेशात इंजिनाला मिळणारी हवा थंड, स्वच्छ आणि कोरडी असणे आवश्यक असते. त्यामुळे अशा बदलांचे फायदे व धोके तेथे अधिक स्पष्टपणे दिसतात.

संज्ञा व प्रकार

स्कूपचे त्याच्या दिशेनुसार आणि रचनेनुसार पुढील प्रकार पडतात.

पुढे तोंड असलेला स्कूप: हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. वाहन पुढे जात असताना समोरून येणारी हवा थेट त्याच्या तोंडात शिरते. इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावर असलेल्या डिझेल गाड्यांवर हाच प्रकार असतो.

मागे तोंड असलेला स्कूप: याचे तोंड समोरच्या काचेकडे असते. काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा प्रवाह अडतो आणि तेथे हवेचा दाब थोडा वाढतो. त्या दाबाचा उपयोग या प्रकारात केला जातो.

सपाट हवामुख: यात उंचवटा नसतो. पृष्ठभागात खोल जाणारी त्रिकोणी खाच हवा आत ओढते. ही रचना १९४० च्या दशकात अमेरिकेच्या 'नाका' या वैमानिकी सल्लागार संस्थेने विकसित केली. त्यामुळे तिला नाका डक्ट असे नाव पडले.

झरोके: हे स्कूपसारखे दिसत असले तरी त्यांचे काम उलट असते. ते आतली तापलेली हवा बाहेर सोडतात.

बंद स्कूप: हा केवळ शोभेचा असतो. त्याच्या तोंडामागे बॉनेटचा अखंड पत्रा असतो.

इतिहास

हवेकडे तोंड करून तिचा वेग इंजिनाच्या उपयोगी आणण्याची कल्पना प्रथम विमानांत प्रत्यक्षात आली. दुसऱ्या महायुद्धातील पिस्टन इंजिनांच्या विमानांवर कार्ब्युरेटर किंवा सुपरचार्जरसाठी अशी हवामुखे असत. ताशी ५०० किमी वेगाला समुद्रसपाटीजवळ समोरच्या हवेचा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे १२ टक्के इतका होतो. त्यामुळे विमानाला मिळणारा लाभ प्रत्यक्ष मोजता येण्याजोगा होता.

मोटारगाड्यांवर स्कूपची लाट १९६० च्या दशकात अमेरिकेत आली. पाँटियाक जीटीओ या गाडीवरील स्कूप सुरुवातीला बंद, म्हणजे दिखाऊ होते. १९६५ मध्ये ते खुले करून कार्ब्युरेटरशी जोडणारा संच विक्रेत्यांमार्फत उपलब्ध करून देण्यात आला. फोर्ड मस्टँगच्या १९६९ च्या आवृत्तीत 'शेकर' नावाचा स्कूप थेट इंजिनावर बसवलेला होता. बॉनेटला पाडलेल्या छिद्रातून तो वर येई व इंजिनासोबत थरथरत असे. पुढे टर्बोचार्जरचा प्रसार झाला आणि स्कूपला नवे काम मिळाले. १९९२ मध्ये आलेल्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरील स्कूप माथ्यावरच्या इंटरकूलरला हवा पुरवतो.

भारतात व महाराष्ट्रात

महाराष्ट्र हे भारतातील जीप व एसयूव्ही निर्मितीचे प्रमुख केंद्र राहिले आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपचे बॉनेट सपाट होते व हवा गाळण्यासाठी तेलाचे भांडे असलेली गाळणी (ऑइल बाथ फिल्टर) वापरली जाई. टाटा मोटर्सची (तेव्हाची टेल्को) सुमो ही गाडी १९९४ मध्ये आणि सफारी १९९८ मध्ये बाजारात आली. या दोन्ही गाड्यांची निर्मिती पुण्यात होई. महिंद्रच्या नाशिक येथील कारखान्यातून २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली.

आरंभीच्या सुमोमधील डिझेल इंजिन टर्बोविरहित होते. त्याला इंटरकूलर नव्हता आणि स्कूपची गरजही नव्हती. टर्बो डिझेल इंजिने रुळल्यावर हे चित्र बदलले. २.२ लिटर एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओवर, पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरच्या ३.० लिटर डिझेल आवृत्तीवर आणि फोर्ड एंडेव्हरच्या जुन्या टर्बो डिझेल आवृत्त्यांवर स्कूप कारखान्यातूनच असे. या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसू लागल्यावर स्कूप हे ताकदवान इंजिनाचे चिन्ह मानले जाऊ लागले. स्कूप नसलेल्या जुन्या गाड्यांवर तो नंतर बसवण्याची हौस वाढण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

कार्यतत्त्व

इंजिनात जळणाऱ्या इंधनाला ऑक्सिजन लागतो आणि तो हवेतून मिळतो. सिलिंडरमध्ये मावणाऱ्या हवेचे आकारमान ठरलेले असते. त्यामुळे त्या आकारमानात अधिक वस्तुमानाची, म्हणजे अधिक घनतेची हवा भरली तर अधिक इंधन स्वच्छपणे जाळता येते. हवेची घनता वाढवण्याचे दोन मार्ग आहेत: दाब वाढवणे आणि तापमान कमी करणे.

वेगामुळे मिळणारा दाब

धावत्या वाहनाच्या समोर येणाऱ्या हवेचा गतिज दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटर उंचीवर आहे. तेथे ४२° सेल्सिअस तापमानाला हवेची घनता साधारण १.०६ किलोग्रॅम प्रति घनमीटर येते. या घनतेला ताशी १०० किमी वेगाने समोरच्या हवेचा दाब सुमारे ४१० पास्कल होतो. हा वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. ताशी ६० किमी वेगाला तो १५० पास्कलच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.१५ टक्के राहतो. स्कूपची रचना निर्दोष असली तरी याहून अधिक दाब मिळू शकत नाही. 'स्कूपमधून हवा कोंबली जाते व गाडीची ताकद वाढते' हा समज रस्त्यावरच्या वेगांना लागू पडत नाही.

तुलनेसाठी धुळीने भरलेल्या एअर फिल्टरचा विचार करता येतो. अनेक डिझेल इंजिनांमध्ये फिल्टर बदलण्याची मर्यादा साधारण ६ किलोपास्कल अवरोध इतकी धरली जाते. ताशी १०० किमी वेगाला स्कूपमधून मिळू शकणाऱ्या कमाल दाबाच्या ही सुमारे १५ पट आहे. म्हणजेच चोंदलेला फिल्टर वेळेवर बदलल्याने होणारा लाभ हा स्कूपमुळे मिळणाऱ्या दाबापेक्षा कितीतरी मोठा असतो.

तापमानातील फरक

तापमानाचा परिणाम दाबापेक्षा अधिक आहे. इंजिनाच्या कप्प्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम असते. बाहेर ४२° व कप्प्यात ६०° सेल्सिअस तापमान असेल, तर बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा सुमारे ५.७ टक्के अधिक घन असते. म्हणून हवापेटी कप्प्यापासून बंदिस्त करून तिला बाहेरची हवा दिल्यास लाभ होतो. मात्र बहुतेक गाड्यांमध्ये मूळ हवानळीचे तोंड निर्मात्यानेच हेडलाइटच्या मागे, जाळीजवळ किंवा फेंडरच्या आत, म्हणजे तुलनेने थंड जागी ठेवलेले असते. अशा गाडीत मूळ पेटी काढून कप्प्यात उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला, तर इंजिन पूर्वीपेक्षा गरम हवा घेऊ लागते.

डिझेल इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पेट्रोल इंजिनात चालक थ्रॉटलद्वारे हवेचे प्रमाण नियंत्रित करतो. पारंपरिक डिझेल इंजिन मात्र हवा न रोखता घेते आणि ताकद इंधनाच्या प्रमाणावर ठरते. त्यामुळे इंधनपुरवठा तोच ठेवून केवळ अधिक हवा दिली, तर ज्वलन थोडे स्वच्छ होते व धूर कमी होऊ शकतो; पण कमाल ताकद फारशी वाढत नाही.

इंटरकूलर

टर्बोचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते. ४२° सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिचे तापमान सुमारे १४०° सेल्सिअसपर्यंत जाते. इंटरकूलरने ती ७०° पर्यंत थंड केल्यास घनतेत साधारण २० टक्के वाढ होते. इंजिनाच्या माथ्यावर बसवलेल्या इंटरकूलरच्या नळ्या आखूड असतात आणि टर्बोचा प्रतिसाद जलद मिळतो. पण तो तापलेल्या इंजिनावरच बसलेला असल्याने त्याला बाहेरची हवा मिळाली नाही तर तो निरुपयोगी ठरतो. म्हणून अशा गाड्यांवरील स्कूप हा शोभेचा भाग नसून शीतन व्यवस्थेचाच एक घटक असतो. स्कूपच्या आतील कड आणि इंटरकूलर यांच्यामध्ये रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती झिजली किंवा दुरुस्तीनंतर परत लावली गेली नाही, तर हवा इंटरकूलरमधून न जाता बाजूने निसटते. जुन्या गाडीत ही पट्टी बदलणे हा कमी खर्चाचा व परिणामकारक उपाय आहे.

वाहन उभे असताना स्कूपमधून प्रवाह राहत नाही आणि माथ्यावरचा इंटरकूलर इंजिनाच्या उष्णतेने तापतो. वाहतुकीच्या कोंडीतून निघाल्यावर पहिले काही क्षण गाडी जड वाटते, त्याचे हे एक कारण आहे.

स्कूपची जागा

बॉनेटवर सर्वत्र हवेचा दाब सारखा नसतो. पुढच्या कडेवरून हवा वर वळते तेथे दाब कमी होतो. मधल्या भागात तो वातावरणीय दाबाच्या जवळपास येतो आणि काचेच्या पायथ्याशी वाढतो. शिवाय पृष्ठभागालगत मंद हवेचा पातळ सीमास्तर असतो. स्कूपचे तोंड या स्तराच्या वर आले नाही तर त्यात पुरेशी हवा शिरत नाही. झरोके कमी दाबाच्या भागात असतील तरच आतली उष्ण हवा बाहेर खेचली जाते. ते काचेजवळ कापले तर उलट बाहेरची हवा आत येऊ शकते आणि कप्प्यातून होणारा रेडिएटरचा प्रवाह अडतो.

सोलापूर परिसरातील परिस्थिती

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येतो. एप्रिल व मे महिन्यांत तेथे दिवसाचे तापमान वारंवार ४०° सेल्सिअसच्या वर जाते. शहरातून पुणे–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो. राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापूरला विजयपूरशी आणि राष्ट्रीय महामार्ग १६६ सांगली व कोल्हापूरशी जोडतो. महामार्गावर गाडीला सलग वेग मिळतो, तर तालुक्यांच्या अंतर्गत रस्त्यांवर कमी वेग, धूळ आणि वारंवार थांबणे असते. एकच गाडी बहुधा दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर वापरली जाते.

धूळ

जिल्ह्यातील बराचसा भाग काळ्या जमिनीचा आहे. उन्हाळ्यात या जमिनीची बारीक धूळ गाडीवाटांवर साचते. सोलापूर हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून जाणाऱ्या वाहनांना सतत धुळीतून जावे लागते.

२.५ लिटरचे टर्बोविरहित डिझेल इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालले, तर ते तासाला साधारण १२५ घनमीटर हवा आत घेते. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा चार खोल्यांत मावणाऱ्या हवेपेक्षा ती अधिक आहे. या हवेतील धुळीतले सिलिकाचे कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. फिल्टर चुकवून आत गेलेले कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतात. परिणामी संपीडन कमी होते, इंजिन तेल पिऊ लागते आणि अखेर इंजिनाचे काम काढावे लागते. एखादा फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८.५ टक्के, असे म्हटल्यास फरक नगण्य वाटतो. प्रत्यक्षात दुसऱ्या फिल्टरमधून तिप्पट धूळ आत जाते. हवा मोकळी जाते म्हणून निवडलेला जाळीदार फिल्टर धुळीच्या प्रदेशात महाग पडू शकतो, तो यामुळेच. फिल्टरची कार्यक्षमता मोजण्याची पद्धत आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे.

पाणी

भीमा, सीना, नीरा, माण आणि भोगावती या नद्यांवर जिल्ह्यात अनेक कमी उंचीचे पूल आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. नेहमी कोरडा वाटणारा हा प्रदेश परतीच्या पावसात किंवा उजनी धरणातून विसर्ग वाढल्यावर पुराला सामोरा जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा व सीना नद्यांच्या पुराने जिल्ह्यात मोठे नुकसान झाले.

पाण्यातून जाताना हवानळीत पाणी शिरले तर ते सिलिंडरमध्ये पोहोचते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. चार सिलिंडरच्या २.५ लिटर इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २२ असेल, तर पिस्टन वर आल्यावर सिलिंडरमध्ये उरणारी जागा फक्त ३० मिलिलिटर, म्हणजे सुमारे दोन मोठे चमचे असते. त्याहून अधिक पाणी आत गेल्यास पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. त्यामुळे हवानळीचे तोंड खाली आणणारा कोणताही बदल, उदाहरणार्थ थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या आत उतरवणे, या भागात धोक्याचा ठरतो.

स्थानिक उद्योग

सोलापुरात मोटारींचे सुटे भाग बनवणारा उद्योगही आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनांसाठी कॅमशाफ्ट तयार करते. हवेच्या मार्गातील शेवटचे दार म्हणजे सिलिंडरची झडप होय. ती कधी व किती उघडायची हे कॅमशाफ्टवरील उंचवटे ठरवतात. मूळ झडपांमधून जाऊ शकणाऱ्या हवेला बाहेरच्या स्कूपचा आकार वाढवून फारसा हातभार लागत नाही.

बदलांचे प्रकार

मूळ हवापेटीची दुरुस्ती: जुन्या गाड्यांत पेटीच्या क्लिपा तुटलेल्या, झाकण वाकलेले आणि नळीचे रबर तडकलेले आढळते. फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असलेल्या तड्यातून न गाळलेली हवा थेट आत जाते. इतर कोणत्याही बदलाआधी ही गळती बंद करणे आवश्यक असते.

प्री-क्लीनर: ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दिसणारे हे भांडे हवेला गोल फिरवून जड कण बाजूला टाकते. मुख्य फिल्टरवरचा भार त्यामुळे कमी होतो. धुळीच्या भागात वापरल्या जाणाऱ्या जीपवर्गीय वाहनांसाठी ते उपयुक्त आहे.

स्नॉर्केल: हवानळीचे तोंड छताच्या उंचीपर्यंत नेणारी ही उभी नळी असते. फोर्स मोटर्सच्या गुरखा या गाडीवर ती कारखान्यातूनच येते. स्नॉर्केलचा मुख्य फायदा चाकांच्या धुळीपासून दूर असलेली हवा मिळणे हा आहे. पाण्यापासून संरक्षण मिळण्यासाठी नळीचे सर्व सांधे आणि हवापेटी जलरोधक असावी लागते. शिवाय इंजिन वाचले तरी विद्युत जोडण्या, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सलच्या श्वासनळ्या पाण्याखाली जातातच. म्हणून स्नॉर्केल म्हणजे पुराच्या पाण्यात गाडी घालण्याचा परवाना नव्हे.

उघडा शंकू फिल्टर: हा बसवायला सोपा व आवाजाला भारदस्त असतो. तो कप्प्यातील उष्ण हवा घेतो. तेल लावलेला फिल्टर कॉमन रेल इंजिनांच्या हवाप्रवाह संवेदकावर (मास एअर फ्लो सेन्सर) तेलाचा थर चढवू शकतो. त्यामुळे संवेदकाची नोंद चुकते.

स्कूप: ज्या गाडीत माथ्यावर इंटरकूलर आहे, तेथे मूळ स्कूप व त्याची पट्टी सुस्थितीत ठेवणे पुरेसे असते. टर्बोविरहित गाडीवर बसवलेला खुला स्कूप फार तर कप्प्यात थोडी बाहेरची हवा सोडतो.

बसवण्याची पद्धत

नंतर बसवायचे स्कूप एबीएस प्लॅस्टिक, फायबर किंवा पत्र्याचे असतात. दिखाऊ स्कूप दुहेरी चिकटपट्टीने किंवा स्क्रूने लावतात. खुल्या स्कूपसाठी बॉनेट कापावे लागते. प्रथम बॉनेटच्या आतील बाजूची चौकट पाहून, ती टाळून जागा आखली जाते. इंजिन धक्क्यांवर हलते. त्यामुळे स्कूपच्या खालच्या भागात व इंजिनात पुरेसे अंतर आहे का, हे मातीचा गोळा ठेवून बॉनेट मिटवून तपासले जाते. ग्राइंडरने कापलेल्या कडा घासून त्यांवर गंजरोधक प्रायमर मारला जातो. नंतर स्कूप रिव्हेट किंवा बोल्टने बसवून फट सीलंटने भरतात व रंगकाम करतात.

पावसाचे पाणी ही यातील प्रमुख अडचण आहे. स्कूपच्या आत पन्हाळी व निचऱ्याची नळी नसेल तर पाणी अल्टरनेटर, फ्यूज पेटी किंवा इंजेक्टरच्या जोडण्यांवर पडते. स्कूप थेट हवापेटीला जोडला असेल तर पेटीच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र आवश्यक असते.

मर्यादा व धोके

बॉनेटची आतली चौकट कापल्यास त्याची ताठरता कमी होते. वेगात बॉनेट थरथरते आणि कडीवर ताण येतो. कापलेल्या कडेवर गंज लवकर धरतो. मोठा स्कूप चालकाच्या नजरेआड समोरचा काही भाग घेतो. उंच बॉनेटच्या गाडीत लहान मूल किंवा दुचाकीस्वार आधीच कमी दिसतो, त्यात ही भर पडते. धडक झाल्यास पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आपटण्याची शक्यता असते व तेथे कठीण, धारदार उंचवटा असणे घातक ठरते. भारतात पादचारी संरक्षणासाठी एआयएस-१०० हे मानक आहे.

टर्बोविरहित व टर्बोयुक्त अशा दोन्ही जुन्या इंजिनांत ताकद घटण्याची नेहमीची कारणे चोंदलेला फिल्टर, झिजलेले इंजेक्टर, फाटलेली टर्बोची नळी आणि कमी झालेले संपीडन ही असतात. यांपैकी कोणतेही कारण स्कूपने दूर होत नाही. कागदी फिल्टर कंप्रेसरच्या जोरदार हवेने वारंवार साफ केल्यास त्याचा कागद सूक्ष्मपणे फाटतो. असा फिल्टर स्वच्छ दिसतो, परंतु धूळ अडवत नाही.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनमालकाला असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला व निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ (४) नुसार, अनुमती नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नव्या वाहनांची मान्यतेसाठी चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचा समावेश होतो. गॅरेजमध्ये केलेल्या बदलाला अशी चाचणी झालेली नसते.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. सोलापूर येथे एमएच-१३ आणि अकलूज येथे एमएच-४५ या क्रमांकांखाली वाहनांची नोंदणी होते. जुन्या एसयूव्हीचे मालक नूतनीकरणासाठी गाडी घेऊन जातात, तेव्हा केलेले बदल तपासणीत समोर येतात.

हवाप्रवेशातील बदलाचा संबंध प्रदूषण चाचणीशीही येतो. डिझेल वाहनाच्या धुराची घनता मोकळ्या प्रवेगात मोजली जाते. भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांसाठी प्रकाश शोषण गुणांकाची मर्यादा २.४५ प्रति मीटर, तर भारत स्टेज ४ साठी १.६२ प्रति मीटर आहे. पीयूसी प्रमाणपत्र पहिल्या गटाला सहा महिन्यांसाठी आणि दुसऱ्या गटाला एक वर्षासाठी मिळते. चोंदलेला फिल्टर किंवा चुकीची नोंद देणारा संवेदक यामुळे धूर वाढून गाडी चाचणीत नापास होऊ शकते.

विमा पॉलिसी घेताना किंवा तिचे नूतनीकरण करताना बदल कळवले नाहीत, तर अपघातानंतरच्या दाव्यात वाद उद्भवू शकतो. हायड्रोलॉकमुळे झालेले इंजिनाचे नुकसान सामान्य पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसी घ्यावी लागते.

हेही पहा

टर्बोचार्जर
इंटरकूलर
डिझेल इंजिन
महिंद्र स्कॉर्पिओ
टाटा सुमो
मोटार वाहन अधिनियम, १९८८
सोलापूर जिल्हा